ऋणमुक्ती आणि हिशेबाची वही

कर्ज कसे फेडावे, असा प्रश्न कोणीही कोणासही केला असता ‘आधी खर्च कमी करावा’ हे उत्तर मिळावयास क्षणाचाही विलंब लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, ही वचने आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहेत. आणि ती खोटी आहेत असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु काटकसरीने कर्ज फिटते, हे विधान बोलावयास जितके सोपे, तितके ते इतिहासात सरसकट खरे ठरलेले दिसत नाही. पोटाला चिमटा घेऊनही कर्जात बुडालेली माणसे आहेत, आणि काटकसरीने जे वाचले त्याच्या कितीतरी पट कर्ज फेडून मोकळी झालेली माणसेही आहेत. तेव्हा काटकसरीचे खरे काम कोणते, आणि ते कोणत्या परिस्थितीत सफळ होते, ह्याचा शोध कोरड्या उपदेशाने न घेता घडलेल्या गोष्टींच्या आधारे घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी आम्ही पहिला दाखला स्कॉटलंडातील एका ग्रंथकाराचा घेतो. दुसरा, त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेला, अमेरिकेतील एका ग्रंथकाराचा. आणि तिसरा अगदी आपल्या दाराशी घडलेला, म्हणजे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कुळांचा.

सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) ह्याचे नाव मराठी वाचकास नवे नाही. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की ओघाने स्कॉटचे नाव निघतेच. प्रथम कवी म्हणून आणि १८१४ साली निनावी प्रसिद्ध केलेल्या ‘वेव्हर्ली’पासून कादंबरीकार म्हणून त्याने जो पैसा मिळविला, तेवढा त्या काळी क्वचितच एखाद्या लेखकाने मिळविला असेल. एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयातील एक मानाची जागा आणि सेल्कर्कशायर परगण्याचे शेरिफपद ह्या दोहोंपासून त्याला वर्षास १,६०० पौंड मिळत, ते वेगळेच. १८११ साली त्याने ट्वीड नदीच्या काठी एक लहानसे शेत विकत घेतले. त्याचे पुढे ॲबट्सफर्ड झाले. शेताला शेत जोडावे, झाडे लावावी, घराला जुन्या किल्ल्याचे रूप द्यावे, शस्त्रे आणि ग्रंथ जमवावे, आल्यागेल्याचे आदरातिथ्य करावे, ह्यांतच त्याचा आनंद होता. तो व्यसनी नव्हता, जुगारी नव्हता. आपल्याकडील एखाद्या कर्तबगार इनामदाराला वाडा बांधण्याचा छंद लागावा, तसे काहीसे त्याचे झाले होते.

हा छंद उत्पन्नात भागला असता तर प्रश्नच नव्हता. परंतु स्कॉट हा १८०५ पासून जेम्स बॅलंटाइन ह्या आपल्या बालमित्राच्या छापखान्यात गुप्त भागीदार होता, आणि हा छापखाना कॉन्स्टेबल ह्या प्रकाशकाशी हुंड्यांच्या व्यवहाराने बांधलेला होता. ह्या हुंड्या आपल्या पेढ्यांवरच्या सचोटीच्या हुंड्या नव्हेत. माल दिला नाही, रोकड दिली नाही, केवळ एकमेकांच्या पतीवर एकाने लिहावे आणि दुसऱ्याने सकारावे, सावकाराकडे ती वटवून पैसे उचलावे, आणि मुदत भरली की नवी हुंडी लिहून जुनी भागवावी, असा तो प्रकार होता. शिवाय पुढे लिहावयाच्या कादंबऱ्यांबद्दलही कॉन्स्टेबलच्या हुंड्या आगाऊ घेतल्या जात. म्हणजे ज्या पुस्तकाचे अद्याप नावही ठरलेले नाही, त्याच्या पैशाने ॲबट्सफर्डच्या भिंती चढत. ह्या नाशाला स्कॉट किती जबाबदार आणि बॅलंटाइन किती, ह्याविषयी स्कॉटचा जावई व चरित्रकार लॉकहार्ट आणि बॅलंटाइनच्या बाजूचे लोक ह्यांच्यात पुढे मोठे वाग्युद्ध झाले. त्यात आम्हांस पडावयाचे नाही. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच की घर, जमीन आणि छापखाना ह्यांच्या थैल्या एकमेकींत ओतल्या गेल्या होत्या, आणि एकूण देणे किती ह्याचा आकडा, ज्याने तो अखेर भरावयाचा होता, त्याच्या डोळ्यांसमोर रोजच्या रोज नव्हता.

१८२५ च्या डिसेंबरात लंडनच्या बाजारात भयंकर टंचाई झाली. पेढ्या बसू लागल्या. जानेवारी १८२६ मध्ये कॉन्स्टेबलचे लंडनमधील अडते हर्स्ट रॉबिन्सन बुडाले, त्यांच्यामागून कॉन्स्टेबल, आणि त्याच्यामागून बॅलंटाइनचा छापखाना. भागीदार गुप्त असला तरी कायद्याने त्याची जबाबदारी अमर्याद होती. वयाच्या ५४ व्या वर्षी स्कॉटला कळून आले की आपल्या शिरावर सुमारे १ लक्ष २० हजार पौंडांचे कर्ज आहे. कायदेशीर दिवाळे काढण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. होते-नव्हते ते देऊन पुढील कमाई आपली करून घेता आली असती. तो मार्ग त्याने पत्करला नाही. आपली मिळकत आणि पुढची लेखणीची कमाई विश्वस्तांच्या हाती देऊन पैनपै फेडण्याचे त्याने कबूल केले, आणि मदतीचे जे देकार मित्रांकडून आले ते साभार परत केले.

आता येथे थोडे गणित करू. समजा, स्कॉटने आपल्या पगाराचा निम्मा भाग, म्हणजे वर्षास ८०० पौंड, काटकसरीने वाचविला असता. तर व्याज मुळीच न धरता नुसते मुद्दल फिटावयास १५० वर्षे लागली असती. अन्नवस्त्र सर्व सोडून सगळा पगार दिला असता तरीही ७५ वर्षे! तेव्हा स्कॉटचे कर्ज गाडी-घोडे विकून फिटले, ही समजूत खरी नव्हे. तरीही दिवाळ्याच्या वार्तेनंतर त्याने पहिली गोष्ट केली ती घरखर्च उतरविण्याचीच. एडिंबरोतील कासल स्ट्रीटवरचे, जवळजवळ पाव शतक राहिलेले घर १८२६ च्या मार्चात त्याने सोडले व ते विकावयास दिले. नोकरचाकर कमी केले. पीटर मॅथिसन हा त्याचा जुना गाडीवान नांगर धरू लागला. डॅलग्लिश नावाच्या खानसाम्याने पगार न मिळाला तरी चालेल पण मी जाणार नाही, असा हट्ट धरला. न्यायालयाचे काम असे तेव्हा स्कॉट शहरात भाड्याच्या खोल्यांत राही. जो लेखणी खाली ठेवून रोज पाहुण्यांच्या पंक्तीला बसे, तो आता एकटा जेवून रात्री पुन्हा लिहावयास बसू लागला.

मग ही काटकसर कशासाठी? उत्तर त्याच्या नव्या व्यवस्थेतच आहे. पूर्वी एकमेकींत ओतल्या जाणाऱ्या थैल्या आता वेगळ्या झाल्या. पगार घरखर्चाचा; लेखणीची मुख्य कमाई सावकारांची. ह्या दोहोंमधली भिंत टिकावयाची तर घरखर्च पगाराच्या आत राहणे अवश्य होते. एरव्ही सावकारांसाठी काढलेल्या पाण्याचा पाट वाटेतच घरच्या बागेकडे वळला असता. काटकसरीने कर्ज फेडले नाही. कर्ज फेडणाऱ्या कमाईला वाटेत गळती लागू दिली नाही, हे तिचे काम. दुसरे काम ह्याहून सूक्ष्म आहे. धनको जेव्हा पाहतो की ऋणको आपल्या डोळ्यांदेखत राहणी उतरवीत आहे, तेव्हा तो थांबावयास तयार होतो. काटकसरीने पैसा थोडा मिळतो, पण मुदत मिळते. आणि मोठ्या कर्जात पैशापेक्षा मुदतच अधिक मोलाची असते.

ह्या मुदतीचे स्कॉटने काय केले ते सर्वश्रुत आहे. ‘वुडस्टॉक’ ह्या कादंबरीचे ८,००० पौंडांवर आले. नेपोलियनचे नऊ भागांचे चरित्र १८२७ साली निघाले, त्याचे सुमारे १८,००० आले. त्याच वर्षी निघालेल्या एका संग्रहात हिंदुस्थानातील म्हैसूरच्या पार्श्वभूमीवर रचलेली ‘सर्जनची मुलगी’ ही कथाही आहे. हा देश त्याने पाहिलेला नव्हता, पण कर्जाने लेखणी तेथपर्यंत नेली. १८२७ च्या अखेरीस विश्वस्तांनी पौंडामागे ६ शिलिंग, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत रुपयामागे जवळजवळ ५ आणे, वाटले. १८२९ पासून सर्व कादंबऱ्यांची टिपांसह नवी आवृत्ती दरमहा एक भाग ह्याप्रमाणे स्वस्तात निघू लागली, आणि तिचा खप सर्वांच्या अपेक्षेबाहेर गेला. १८३० च्या डिसेंबरात आणखी ३ शिलिंग वाटले गेले. आणि त्या वेळी सावकारांनी ॲबट्सफर्डमधील त्याचे ग्रंथ, चांदीची भांडी व सामानसुमान त्यालाच कृतज्ञतेने भेट दिले.

सावकारांच्या ह्या वागणुकीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ॲबट्सफर्डची वास्तू व जमीन १८२५ च्या आरंभी मुलाच्या लग्नात त्याच्या नावे करून दिली होती. त्या व्यवहाराविरुद्ध न्यायालयात जाण्याचा विचार त्यांना सुचला नसेल असे नाही, पण ते गेले नाहीत. घर त्याला राहू दिले, नोकरी राहू दिली, पगाराला हात लावला नाही. ह्यात केवळ भूतदया होती असे मानण्याचे कारण नाही. सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारू नये एवढे व्यापारी शहाणपण एडिंबरोच्या पेढीवाल्यांजवळ होतेच. परंतु सर्वच धनको असे नव्हते. १८२७ च्या शरदात लंडनच्या अबूद नावाच्या एका सावकाराने स्कॉटला कैद करविण्याचा धाक घातला, आणि ऋणकोंना आश्रय देणाऱ्या होलीरूडच्या आवारात जाऊन राहावे की काय, असा विचार करण्याची पाळी त्या वृद्धावर आली. ती वेळ टळली. सर विल्यम फोर्ब्स ह्या पेढीवाल्याने, जो स्वतः स्कॉटचा धनको होता, अबूदचे सुमारे २,००० पौंड आपल्या पदरचे गुपचूप भरले, आणि त्या रकमेपुरता तो इतर धनकोंच्या रांगेत जाऊन बसला. स्कॉटला हे जन्मात कळले नाही. तरुणपणी स्कॉटचे जिच्यावर मन जडले होते, तिचा ह्याच फोर्ब्सशी विवाह झाला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या मौनाचे मोल अधिकच वाटते.

ह्या यशाची किंमत दुसऱ्या खात्यात पडली, हेही सांगितले पाहिजे. राहणी उतरविली असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाच्या हातांनी उतरते? स्कॉटची पत्नी शार्लट आधीच आजारी होती. दिवाळ्याच्या वार्तेनंतर घरातून जितकी सहानुभूती मिळावी असे वाटले तितकी मिळाली नाही, कदाचित आपल्याला आधाराची गरज फारशी दिसली नाही म्हणून असेल, अशा अर्थाची नोंद स्कॉटच्या रोजनिशीत आहे. आमच्या मते तिच्यावरील आघाताचा अंदाज त्यालाही पुरता आला नसावा. कारण त्याला लेखणी तरी होती, तिला केवळ रिकामे होत जाणारे घर होते. १५ मे १८२६ रोजी ती ॲबट्सफर्डला वारली, तेव्हा न्यायालयाच्या सत्रासाठी तो एडिंबरोच्या भाड्याच्या खोलीत होता. त्यानंतर घर चालविले ते ॲन ह्या मुलीने. बापाच्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत तीही गेली. स्वतः स्कॉटला १८३० च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा पहिला झटका आला. वैद्यांनी थांबा म्हटले, तरी तो थांबला नाही; आणि शेवटच्या दोन कादंबऱ्यांत तो थकवा वाचकाला दिसल्यावाचून राहात नाही. १८३१ च्या अखेरीस हवापालटासाठी तो माल्टा व नेपल्सला गेला, तेव्हा आपले कर्ज फिटले असा त्याला भ्रम झाला होता, आणि तो भ्रम कोणी मोडला नाही. २१ सप्टेंबर १८३२ रोजी तो वारला. त्या वेळी ५४,००० पौंडांच्या आसपास देणे शिल्लक होते. आयुष्याच्या विम्याचे २२,००० आले. कॅडेल ह्या प्रकाशकाने पुस्तकांच्या उत्पन्नावर ३०,००० दिले. आणि १८३३ च्या आरंभी धनकोंची बाकी चुकती झाली.

ह्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी हाच खेळ अमेरिकेत पुन्हा झाला. मार्क ट्वेन ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल क्लेमेन्सने अक्षरजुळणीच्या एका यंत्रात दीड लक्षाहून अधिक डॉलर घातले, आणि स्वतःची प्रकाशनसंस्थाही काढली. यंत्र कधीच नीट चालले नाही. संस्था एप्रिल १८९४ मध्ये बुडाली. त्याच्याही घरी खर्च उतरविण्याचा आरंभ आधीच झाला होता. हार्टफर्डचे थाटाचे घर १८९१ साली बंद करून कुटुंब युरोपात, कमी खर्चात राहावयास गेले होते. पुढे हेन्री रॉजर्स ह्या धनाढ्य मित्राने व्यवहाराची सूत्रे हाती घेऊन धनकोंशी बोलणे केले. पुस्तकांचे हक्क पत्नी ऑलिव्हियाच्या नावे केले, म्हणून कमाईचे साधन लिलावात गेले नाही. डॉलरमागे पुरा डॉलर देण्याचा आग्रह जितका त्याचा तितकाच, किंबहुना अधिक, त्या बाईचा होता. कर्जासाठी वयाच्या साठीत तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, आणि १८९६ च्या जानेवारीत मुंबई, पुणे व बडोदे येथे त्याची विनोदी व्याख्याने झाली. समोर हसणाऱ्या श्रोत्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की त्यांच्या तिकिटाचा पैसा न्यूयॉर्कच्या सावकारांच्या खाती जमा होत आहे! प्रवास संपतो न संपतो तोच, आईबापांपासून दूर राहिलेली त्याची सूझी ही मुलगी ऑगस्टात वारली. १८९८ च्या आरंभी कर्ज फिटले.

ट्वेन पुण्यास आला त्याच्या एकवीस वर्षे आधी ह्याच जिल्ह्यात कर्जावरून जे घडले होते, त्याचा विचार आता करू. कारण स्कॉट व ट्वेन ह्यांच्या गोष्टी ऐकून ‘निश्चय असेल तर कर्ज फिटते’ असा सुटसुटीत बोध जो घेईल, त्याला दख्खनच्या कुळांनी काय उत्तर दिले असते हे पाहणे अवश्य आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी सावकारावर बहिष्कार पडला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. तेथून हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ह्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाला धनापेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे, खते, हुकूमनामे, वह्या, हेच मागितले जात व जाळले जात. जेथे ते मुकाट्याने हवाली झाले तेथे बहुधा पुढे काही झाले नाही, जेथे नकार मिळाला तेथे मारहाण व जाळपोळ झाली. लुटारू सोने नेतो. हे लोक कागद जाळीत होते. ह्यातच त्यांचे सगळे म्हणणे आले.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे जी कारणे आली, त्यांत अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, १८६१ ते १८६५ पर्यंत, चढलेले कापसाचे भाव, त्या तेजीत सावकारांनी सढळ हाताने दिलेली कर्जे, मग कोसळलेले भाव, आणि १८६७ पासून नव्या आकारणीने वाढलेला सारा ही प्रमुख होती. ‘कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून तो कर्जात’ हे त्या वेळच्या साहेब लोकांचे व आपल्याकडील पुष्कळ शिकलेल्यांचेही आवडते मत होते. मंडळाने लग्नातील खर्च ऐपतीबाहेरचा होतो हे मान्य केले. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि अन्न, बियाणे, बैल व सरकारचा सारा ह्यांसाठी वारंवार घ्याव्या लागणाऱ्या लहान रकमाच कर्ज फुगवितात, असा निर्वाळा दिला. ज्याच्या खर्चात बियाणे आणि बैल ह्यांपलीकडे कापण्यासारखे फारसे उरलेले नाही, त्याला काटकसर सांगणे म्हणजे उपाशी माणसाला लंघनाचे गुण सांगण्यासारखे आहे.

ह्याला कायद्याचीही जोड मिळाली होती, तीही अजाणता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत ३ वर्षांची झाली. हेतू असा की सावकाराने जुने कागद उकरून कुळास छळू नये. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, नवे खत लिहून दे, नाहीतर दावा लावतो. आणि नव्या खतात जुन्या व्याजाचे मुद्दल होई. दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने काढलेले १०० रुपये घ्या. पहिल्या तीन वर्षांचे व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे २९६ चे, आणि नवव्या वर्षाअखेर ५०९ चे. मुद्दलाहून व्याज अधिक घेऊ नये, हा आपल्या शास्त्रातील दामदुपटीचा निर्बंध. पण प्रत्येक खत वेगळे धरले की तो कोठेच मोडत नाही, कारण प्रत्येक वेळी व्याज मुद्दलाच्या आतच असते! मध्यंतरी कुळाने खळ्यावरून जे धान्य घातले, ते वहीत कोणत्या भावाने मांडले, किंबहुना मांडले की नाही, हे वाचता न येणाऱ्या माणसाला कळावे कसे? न्यायालयात तो बहुधा जातच नसे. गेला तरी अंगठा त्याचाच असे. बायकोच्या अंगावरचा डाग गहाण पडला, बैलजोडीतला एक बैल विकला, तरी आकडा वाढतच असे. ह्या घरात काटकसर नव्हती असे कोण म्हणेल? परंतु वाचलेला दाणा कोणत्या खाती पडतो, ते दुसऱ्याच्या वहीत ठरत होते.

म्हणूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा ह्या जिल्ह्यांसाठी झालेल्या त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळपासूनचा हिशेब पाहण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली, कर्जासाठी कुळाला कैद करणे बंद केले, आणि दस्तऐवज गावनिबंधकासमोर लिहिले जावे असे ठरविले. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. भरलेल्या पैशाची लेखी पावती, मागेल त्याला दरसाल हिशेबाचा उतारा, आणि जमेची एक पुस्तिका कुळाच्या हाती द्यावी, असा तो नियम होता. कायद्यातील ही कलमे दिसावयास लहान, पण सुप्याच्या जमावाने आग लावून जे मागितले होते तेच ती शाईने देऊ पाहात होती. ती पुरती अंमलात आली असे मात्र म्हणवत नाही. सावकारांनी गहाणाऐवजी नावाचीच खरेदीखते करून घेण्याची वाट काढली, आणि पुस्तिका हाती आली तरी ती वाचता येण्याची विद्या कायद्याने येत नाही.

आता हे तिन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहू. स्कॉट हा कर्जात पडला तो हिशेब डोळ्यांआड असताना. आणि सुटू लागला तो, देणे किती, आले किती, राहिले किती, हे विश्वस्तांच्या कागदावर स्वच्छ दिसू लागल्यावर. ट्वेनचेही तेच. दोघांना घर राहिले, कमाईचे साधन राहिले, मुदत मिळाली, आणि भरलेला पैसा भरलाच म्हणून नोंदला जाईल ही खात्री होती. ह्या चार गोष्टींच्या पायावर काटकसरीची भिंत उभी राहिली, आणि म्हणून तिचा उपयोग झाला. दख्खनच्या कुळाला ह्यांपैकी एकही नव्हती. जमीन लिलावात, बैल जप्तीत, मुदत तीन वर्षांची, आणि भरणा दुसऱ्याच्या मर्जीचा. निश्चयात, कष्टात किंवा पोट मारण्यात तो त्या दोन ग्रंथकारांना हार गेला असता असे आम्हांस वाटत नाही. पण जगाने त्यांची चरित्रे लिहिली, आणि ह्याच्याविषयी चौकशीचा अहवाल लिहिला.

ह्यावरून काटकसर निरर्थक आहे असा अर्थ कोणी काढू नये. नव्या कर्जाला वाट न देणे, कमाईला गळती लागू न देणे, आणि धनकोच्या मनात विश्वास उपजविणे, ही तिची तीन कामे आहेत, आणि ती दुसऱ्या कशाने होत नाहीत. परंतु जो घरखर्चाला कात्री लावावयास बसतो त्याने आधी वही उघडावी. एकूण देणे किती, व्याज कोणत्या दराने, भरलेल्या पैशातून मुद्दल किती फिटते, हे आपल्या हाताने लिहून काढावे. नाहीतर मुलांचे दूध आणि बायकोची हौस तुटते, आणि आकडा जागचा हलत नाही. ती वही घरातील सर्वांनी पाहावी, हेही आम्ही सुचवू. कारण काटकसरीचा भार ज्यांच्यावर अधिक पडतो, त्यांनाच आकडा पुष्कळदा शेवटी कळतो. आणि जो दुसऱ्याला काटकसरीचा उपदेश करतो, मग तो सावकार असो, सरकार असो की शहाणा शेजारी असो, त्याने तोंड उघडण्यापूर्वी एवढेच विचारावे की ह्याच्या कर्जाची वही ह्याच्या हाती आहे काय, आणि ती ह्याला वाचता येते काय. उत्तर नकारार्थी असेल तर उपदेशाआधी वही द्यावी, आणि ती वाचावयास शिकवावे. ऋणमुक्तीचा आरंभ तेथून होतो.